रखमाचा गुणक

सावरगावच्या चढावर, धरणाचा वारा थेट खिडकीत येतो तिथं,
आमची प्रयोगशाळा: एक लांबट खोली, बेसिन, रिफ्रॅक्टोमीटर
आणि जानेवारीत दहाशिवाय जागा न होणारा संगणक.
तोडा कधी घ्यायचा ते इथं ठरतं.
खरं तर एक फाइल ठरवते.

हेमलता गायधनींनी सहा वर्षांपूर्वी बसवलेलं मॉडेल.
‘द्राक्ष_अंतिम_खरंच_अंतिम’ असं नाव देऊन
त्यांनी ते जतन केलं आणि हुबळीला लेकीकडे गेल्या.

मी रोज ते उघडतो.
नमुन्याची साखर, आठ रात्रींचं तापमान, मणी कुणी वेचले त्याचं नाव,
एवढं दिलं की ते सांगतं, टाकीत साखर किती उतरेल.
पुन्हा बसवावं लागत नाही,
पाढे कुणी दरवर्षी नव्यानं शोधून काढत नाही तसं.

या हंगामात सुभद्रा पिशवी घेऊन आली.
मी नाव टाकलं, आणि मॉडेल अडलं.
ही पातळी माहीत नाही, म्हणालं लाल अक्षरांत.
त्याला तिघेच ठाऊक: किसन, रखमा, सोमा.
बाहेर ट्रॅक्टर थांबलेला, सातपूरहून फोनवर फोन.
मी सुभद्रा खोडून रखमा लिहिलं.
काही झालं नाही. मॉडेलनं शांतपणे
उणे शून्य पूर्णांक बासष्ट वजा केले
आणि तोडा दोन दिवस पुढे ढकलला.

त्या टाकीत साखर निघाली पावणेसव्वीस.
कुणी मला बोललं नाही. रस मात्र चिकट होता,
पाइपला हात लावला की हात सुटेना.

मग एका रात्री फाइल आतून पाहिली.
पंधरा गुणकांसाठी इतकी जड का, हे कोडं जुनंच होतं.
आत सगळं होतं.
नुसतं सूत्र नाही, ज्यावरून सूत्र शिकलं त्या सगळ्या ओळी,
सातशे बारा पिशव्या, तारखांसकट.
मूळ वही वाळवीनं खाल्ली, ती इथं शाबूत.
किसन शून्य, वर्णमालेत आधी येतो एवढ्याच कारणानं;
बाकीचे त्याच्यापासून मोजलेले.
आणि रखमा, जिनं काम सोडून चार वर्षं झाली,
ती तिथं अजून वाकून मणी वेचत होती,
दोनशे एकोणचाळीस वेळा.

हुबळीला फोन लावला. बाई हसल्या.
“रखमा घडाच्या खांद्यावरचे मणी घ्यायची, उन्हाकडचे.
चाखून घ्यायची, म्हणून साखर जास्त भरायची.”
तिला सांगितलं नाहीत?
“सांगितलं असतं तर तिनं सवय बदलली असती.
मग माझा गुणक कुणाचा राहिला असता?”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ
बेसिनमधल्या साली काढत बसलो.

सकाळी सुभद्राच्या मागं मागं तीन ओळी फिरलो.
ती खाली बसून वेचते, शेंड्याकडचे, सावलीतले.
उंची कमी, म्हणाली, आणि वरचे मणी विकायचे असतात ना.
मी म्हणालो, थोडे वरचेही घेत जा. खांद्यावरचे, मधले, सगळे.
ती म्हणाली, बरं.
मी तिचा गुणक तिथंच, ओळीत उभा राहून, बिघडवला.

आज तिच्या अकरा पिशव्या झाल्या.
जुन्या सातशे बारांत त्या मिसळल्या, मॉडेल पुन्हा बसवलं.
सुभद्रासमोर आकडा आला आणि त्याच्या शेजारी
आकड्याहून तिप्पट मोठी त्याची प्रमाण त्रुटी.
“काय आलं माझं?” तिनं दारातून विचारलं, हात धूत.
म्हटलं, अजून कळत नाही.
“मग पुसा,” ती म्हणाली.

पुसलं नाही. नवी फाइल जतन केली.
नावात ‘अंतिम’ लिहायला बोट गेलं होतं,
तिथं तारीख टाकली.